आयर्विन पुलाचं पाणी कोणत्या वाहिनीवर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात माणसं दिवसभर एकमेकांना एकच गोष्ट विचारत होती : पाणी किती फुटांवर? सांगलीकरांसाठी हा आकडा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचा, कोल्हापूरकरांसाठी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरचा. आयर्विनला धोक्याची पातळी ४५ फूट, राजाराम बंधाऱ्याला ४३. नदीकाठच्या शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, ते पाणी इथवर यायला किती तास लागतील, या हिशेबावर जनावरं कधी हलवायची आणि दुकानातला माल माळ्यावर कधी चढवायचा हे ठरतं.

त्या आठवड्यात मराठी वृत्तवाहिन्यांवर पूरच पूर होता. होड्या, बुडालेली छपरं, पाहणी दौरे, हात जोडून उभी असलेली माणसं. पुण्या-मुंबईत बसून पूर पाहणाऱ्याला जे हवं होतं ते सगळं होतं. पुरात बसलेल्याला जे हवं होतं ते मात्र व्हॉट्सअॅपवर शोधावं लागत होतं, आणि तिथे खरा आकडा आणि अफवा एकाच वेषात येतात. वीज गेल्यावर टीव्हीचा काय उपयोग, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण पाणी घरात शिरण्याआधीचे दोन दिवस वीज असते, आणि निर्णय त्याच दोन दिवसांत घ्यायचे असतात.

‘बातमी आमच्याबद्दलची’ आणि ‘बातमी आमच्यासाठीची’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली महाराष्ट्रात आता चोवीस तास मिळते. दुसरी देण्यासाठी स्थानिक केंद्र लागतं, आणि असं दूरचित्रवाणी केंद्र आपल्या राज्यात जवळजवळ कधी झालंच नाही. हे म्हटलं की लगेच कोणीतरी जुन्या मुंबई दूरदर्शनची आठवण काढतं. म्हणून आधी त्या आठवणीकडेच पाहू.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. देशातलं पहिलं केंद्र दिल्लीचं, १५ सप्टेंबर १९५९ चं, तेही प्रयोगापुरतं. मुंबईचं दुसरं. संध्याकाळचे काही तास, कृष्णधवल चित्र, वरळीचा स्टुडिओ आणि पुढे तिथे उभा राहिलेला ३०० मीटरचा मनोरा. १९७३ मध्ये सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि पुण्यालाही चित्र दिसू लागलं. स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, भक्ती बर्वे निवेदन करायच्या, पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज घराघरात ओळखीचा झाला. समाजमाध्यमांवर दर महिन्याला कोणी ना कोणी ‘व्यत्यय’ची पाटी टाकतं आणि खाली शंभर उसासे जमतात. त्यात खोटं काही नाही. पण हे उसासे बहुतेक मुंबई, ठाणे आणि पुण्याचे असतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

माझं लहानपण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलं. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्याला काकांच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर. माती असलेल्या आमच्या गावात तो दिसतच नव्हता. जमिनीवरच्या मनोऱ्याची पोच मर्यादित असते. वाटेत डोंगर आला की संपलं. मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकात विदर्भ, मराठवाडा, खानदेश त्या पोचेच्या बाहेर होते.

मग १९८२ आलं. आशियाई स्पर्धा, रंगीत चित्र, उपग्रह, आणि १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम. पाठोपाठ १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची लाट आली. काही महिने तर दिवसाला सरासरी एक प्रक्षेपक सुरू होत होता. आमच्या भागालाही असाच एक प्रक्षेपक मिळाला. गच्चीवर अँटेना चढली, आजूबाजूची पोरं जमली, आणि पडद्यावर दिसली दिल्ली. मुंबईचा मराठी कार्यक्रम नव्हे, कारण या प्रक्षेपकांना जे काही मिळे ते उपग्रहावरून, आणि उपग्रहावर होती दिल्ली. मुंबईहून मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यभर पोहोचायला आणखी काही वर्षं जावी लागली. मुंबई-पुण्याच्या पोचेबाहेरच्या मराठी घरांना घरबसल्या दिसलेली पहिली दूरचित्रवाणी हिंदी होती, आणि तीही शेजारच्या नव्हे, दूरच्या शहराची. ‘दूरदर्शन’ हे नाव इतकं शब्दशः खरं ठरावं असं कोणाच्या मनात नसावं.

ते लघुशक्ती प्रक्षेपक म्हणजे काय होतं, तेही पाहायला हवं. एक खोली, एक डिश, एक प्रक्षेपण यंत्र, बाहेर मनोरा, आत दोन-तीन तंत्रज्ञ. कॅमेरा नाही, माइक नाही. समोरच्या रस्त्यावर मोर्चा निघाला तरी त्या खोलीतून त्याबद्दल एक शब्द बाहेर जाऊ शकत नव्हता. लोक त्याला ‘टीव्ही केंद्र’ म्हणायचे, पण तिथून निघणारं काहीच तिथलं नसायचं. पाण्याची टाकी असावी तसं : वरून सोडलं की खाली येतं.

स्थानिक म्हणजे काय, याची व्याख्या मी म्हणूनच मनोऱ्याच्या जागेवरून करत नाही. आज काय दाखवायचं हे जिथे ठरतं, आणि चुकलं तर त्याचा जाब पाहणाऱ्यांना जिथे विचारता येतो, ते केंद्र स्थानिक. या कसोटीवर जुनं मुंबई केंद्र, दिल्लीच्या मुठीत असूनही, काही अंशी उतरत होतं. ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी गावोगावी आपली मंडळं काढली, ती मंडळं केंद्राला पत्रं पाठवत आणि पत्रांतून कार्यक्रमाला विषय मिळत. मोबाइल नसलेल्या काळात, मर्यादित पोचेत, एका सरकारी कार्यक्रमाने आपल्या प्रेक्षकांना संघटित केलं. आज प्रेक्षकसंख्येचे आठवड्याचे आकडे मिळतात, पण आपल्या नावाने गावात मंडळ निघालं असं सांगणारी वाहिनी मला दाखवा.

खरं स्थानिक केंद्र पाहायचं असेल तर मात्र महाराष्ट्राची हद्द ओलांडून गुजरातेत, नडियादजवळच्या पीज या गावी जावं लागतं. १९७५ मध्ये तिथे इस्रोच्या अहमदाबादच्या उपयोजन केंद्राने एक किलोवॅटचा छोटा प्रक्षेपक बसवला. तो खेडा जिल्ह्यासाठी, आणि त्यावर खेडा जिल्ह्याचेच कार्यक्रम. मजुरी, जातिभेद, दारू, सहकारी संस्थांचा कारभार. विषय गावकऱ्यांशी बोलून ठरत आणि गावकरीच पडद्यावर दिसत. याच केंद्रावरून दिल्लीचा कार्यक्रमही दाखवता येई आणि तो थांबवून खेडा जिल्ह्याचा लावताही येई. ही बदलाची कळ गावाजवळ होती, आणि सगळा फरक त्या कळीत होता. १९८४ मध्ये या प्रयोगाला ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये मद्रासला दुसरी वाहिनी सुरू करायची म्हणून प्रक्षेपक पीजहून हलवला गेला. पुरस्कार आणि गाशा यांच्यात जेमतेम वर्ष.

ही एखाद्या अधिकाऱ्याची लहर नव्हती, ती दिशाच होती. पी. सी. जोशी समितीने त्याच सुमारास दूरदर्शनच्या दिल्लीकेंद्री वृत्तीवर बोट ठेवलं होतं. त्याआधी १९७८ मध्ये वर्गीज समितीने ‘आकाश भारती’ नावाच्या स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या स्वायत्त संस्थेचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं. त्या कायद्यात निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृती आणि भाषांना पुरेसा वाव देण्याचं कर्तव्य लिहिलेलं आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. कागद कमी पडले असं कोणी म्हणू नये.

१९९४ मध्ये मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली, तीच आजची सह्याद्री. राज्यभर मराठी दिसू लागलं. माझ्यासारख्यांचं जुनं गाऱ्हाणं तेव्हा मिटलं, हे मान्य. पण उपग्रहाचा स्वभावच असा की तो सगळ्यांना एकच दाखवतो. गडचिरोलीला जे, तेच सिंधुदुर्गाला. ३६ जिल्हे, मुंबई-नागपूर-पुणे अशी तीन केंद्रं, एक वाहिनी. अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात प्रत्येक जिल्ह्याला समान वाटा दिला तर मिनिटभरही येत नाही, आणि मंत्रालयाला अर्थातच मिनिटभरात भागवता येत नाही. यात सह्याद्रीच्या बातमीदारांचा दोष नाही. तालुक्यात फिरणारा अर्धवेळ बातमीदार पाच मिनिटांचं चित्रण पाठवतो, त्यातले वीस सेकंद लागतात, आणि पुढच्या वेळी तो वीसच सेकंद पाठवतो.

जमिनीवरच्या मनोऱ्याला मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं दाखवता येतं, आणि ती शक्यता आपण न वापरताच मोडीत काढली. दूरदर्शनचे अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि २०२२ च्या सुरुवातीपर्यंत, सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे पन्नासेक सोडले तर, ते संपले. अॅनालॉग बंद करणं योग्यच होतं. वीज खाणारी जुनी यंत्रं, पाहणारे थोडे, आणि डिश घेतलेल्या घराला त्यांची गरजही नव्हती. माझा आक्षेप बंद करण्याला नाही. बंद करताना फक्त विजेचा आणि पगाराचा हिशेब झाला. गावात तयार असलेली एक जागा आणि एक मनोरा कशासाठी वापरता येईल, हा प्रश्न त्या हिशेबात आला नाही.

‘बाजाराने ही उणीव भरून काढली’ असं म्हणणाऱ्यांना मी केबलच्या दिवसांची आठवण देतो. नव्वदच्या दशकापासून जवळजवळ प्रत्येक शहरात केबलवाल्याची एक स्वतःची वाहिनी असे. कंट्रोल रूममध्ये एक व्हीसीआर, एक मॉड्युलेटर, लग्नाची शूटिंग करणारा एक कॅमेरामन. रात्री नऊला शहराच्या बातम्या, खाली पळत्या पट्टीत वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, ‘उद्या शहरात पाणी येणार नाही’. दर्जा यथातथा, भाषा ओबडधोबड. पण पाणी येणार नाही हे ती वाहिनी सांगायची आणि लोक रात्रीच हंडे भरून ठेवायचे. दूरचित्रवाणीने स्थानिक असणं म्हणजे काय, याचं आपल्याकडचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण कदाचित हेच.

या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहू. केबलचा धंदा शहरात टिकवायचा तर नगरसेवकाशी, आमदाराशी वैर परवडत नाही. अनेक ठिकाणी तर धंदाच त्यांच्या नातलगांचा. त्यामुळे पाणी येणार नाही हे कळायचं, पण का येणार नाही हे कधीच नाही. पुढे २०१२ ते २०१७ या काळात चार टप्प्यांत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. संकेत आता मोठ्या कंपनीच्या मुख्य केंद्रातून कुलूपबंद होऊन येऊ लागला आणि गावच्या केबलवाल्याच्या हातातली, मध्येच आपली वाहिनी घुसवण्याची सोय बरीचशी गेली. पीजची कळ गेली तशीच ही. उपग्रह वृत्तवाहिनी काढायची तर कंपनीची निव्वळ मालमत्ता किमान २० कोटी रुपये लागते, आणि जमिनीवरून प्रक्षेपणाचा परवाना खासगी माणसाला आपल्याकडे मिळतच नाही. सामुदायिक नभोवाणीला २००६ पासून स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडलं. दूरचित्रवाणीत असं दारच नाही. चार हौशी, प्रामाणिक माणसांना सांगलीसाठी रीतसर वाहिनी काढायची असेल, तर त्यांनी आधी वीस कोटी जमवायचे.

अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्राचा परवाना एका ठरावीक गावाच्या नावाने दिला जातो आणि त्या गावाची सेवा करणं हे परवाना टिकवण्याचं एक कारण मानलं जातं. तिथेही पडझड झालीच : केंद्राने आपला मुख्य स्टुडिओ त्या परिसरात ठेवावा हा जुना नियम २०१७ मध्ये रद्द झाला. तरी परवान्यावर गावाचं नाव असणं ही साधी युक्ती मला आवडते. आपल्याकडे कुठल्याच परवान्यावर सांगली असं लिहिलेलं नाही.

राहिला मोबाइल. जिल्ह्याजिल्ह्यात यूट्यूबवर बातम्या देणारी पोरं आहेत, त्यांतली काही खरोखर चांगलं काम करतात आणि त्यासाठी धमक्या खातात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण त्यांच्यापैकी कोणालाही जलसंपदा विभागाचा आकडा अधिकृतपणे आणि सर्वांच्या आधी मिळण्याची हमी नाही, आणि चुकीचा आकडा दिला तर जबाबदार कोण, याचंही उत्तर नाही. ज्यांच्या घरी स्मार्टफोन एकच आहे आणि तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, त्या घरातल्या म्हातारीचं काय, हा तिसरा प्रश्न. तिच्या समोर टीव्ही असतो, आणि अनेकदा मासिक भाडं नसलेली डीडी फ्री डिश.

तेव्हा करायचं काय? नवी इमारत नको, नवं महामंडळ तर मुळीच नको. प्रसार भारतीकडे दूरदर्शन आहे तशी आकाशवाणीही आहे, आणि आकाशवाणीची केंद्रं सांगलीत आहेत, कोल्हापुरात आहेत, रत्नागिरी, जळगाव, परभणी, नांदेड, सोलापूरला आहेत. तिथे स्टुडिओ आहे, गावाशी ओळख आहे, बोली कानावर असलेली माणसं आहेत. एकाच मालकाच्या या दोन घरांमधली भिंत १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन वेगळं झालं तेव्हाची. तिच्यात एक दार पाडायला काय हरकत आहे? आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रात दोन कॅमेरे, संकलनाचा एक संगणक आणि इंटरनेटची चांगली जोडणी दिली, तर रोज अर्धा तास जिल्ह्याचा कार्यक्रम निघू शकतो. तो पोहोचवायचा कसा? फ्री डिशवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने विकल्या जातात. त्यांतली एखादी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांसाठी पाळीपाळीने राखून ठेवता येईल. दूरदर्शनच्या काही वाहिन्या दाखवणं १९९५ च्या कायद्याने केबलवाल्यांना बंधनकारक आहे. त्याच धर्तीवर ज्या त्या जिल्ह्याचा कार्यक्रम त्या त्या जिल्ह्यात बंधनकारक करता येईल. उरलेल्यांसाठी मोबाइल आहेच.

पैसा नाही, हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. २०२३ च्या जानेवारीत आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटींहून अधिक रकमेची योजना केंद्राने मंजूर केली. पैसा आहे, पण तो यंत्रांच्या वाटेने जातो. आशयावरचा खर्च वाढवा, असं पित्रोदा समितीने २०१४ मध्येच प्रसार भारतीला सांगितलं होतं. यंत्रखरेदीची निविदा काढणं सोपं असतं. नांदेडच्या बाजारात हळदीचा भाव का पडला हे रोज सांगणाऱ्या माणसाची निविदा कशी काढायची, हे कोणत्याही नियमपुस्तिकेत नसतं.

सरकारी वाहिनी जिल्हाधिकाऱ्याची तळी उचलेल, पालकमंत्र्याची फीत कापणं दाखवेल, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो मी अर्धा मान्य करतो. दाखवेल. पण दिल्लीची किंवा मुंबईची खुशामत जिल्ह्यात बसून ओळखता येत नाही, जिल्ह्याची खुशामत मात्र लगेच उघडी पडते. रस्ता झाला अशी बातमी लागली आणि रस्त्यावर खड्डे असले, तर त्या केंद्राच्या दाराशी दुसऱ्या दिवशी माणसं उभी राहतात. दार चालत जाण्याच्या अंतरावर असणं हीसुद्धा एक प्रकारची स्वायत्तता आहे, आणि तिला संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

लोकांना याचं काही पडलेलं नाही, असंही मला वाटत नाही. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग गुंडाळून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुण्यात एवढी ओरड झाली की तो थांबवावा लागला. रेडिओच्या दहा मिनिटांसाठी, ज्या माध्यमाला सगळ्यांनी कधीच निकालात काढलं होतं त्याच्यासाठी. अर्थात पुण्याची ओरड ऐकू जाते. परभणीची गेली असती का, हे मी इथे सोडून देतो.

सुरुवात छोटी करता येईल. कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यासाठी, १ जून ते ३० सप्टेंबर, रोज संध्याकाळी अर्धा तास, आणि पाणी चढलं की दर तासाला. धरणांतला साठा, विसर्ग, पुलांवरची पातळी, बंद रस्ते, चालू रस्ते, कोणत्या शाळेत निवारा, चारा कुठे. कोणी पाहिलं नाही तर ऑक्टोबरमध्ये बंद करा. फक्त एक गोष्ट पहिल्याच दिवशी लेखी ठरलेली असू द्या. रात्री साडेआठ वाजता दिल्लीचा कार्यक्रम चालू आहे, आयर्विनला पाणी ४४ फुटांवर आहे आणि चढतंय, तर तो कार्यक्रम मध्येच तोडायचा अधिकार सांगलीत पाळीवर बसलेल्या माणसाकडे हवा. त्याने त्यासाठी वरळीला फोन करायचा नाही, आणि वरळीने दिल्लीला तर नाहीच.